मांस प्रक्रिया प्रकल्प बंद होतोय? सरकारच्या कुठल्या दारात, कधी, काय मागायचं

मोठा मांस प्रक्रिया प्रकल्प बंद होणार अशी बातमी फुटली की सगळे एकाच दिशेला धावतात. मंत्र्याला निवेदन द्यायचं, त्यात एकच ओळ: ‘कंपनीला थांबवा.’ मी पशुवैद्य आहे. नोकरीचा मोठा भाग कत्तलीच्या ओळीवर, म्हणजे जनावरं एकामागून एक पुढे सरकत कापली जातात त्या साखळीवर, मांस तपासण्यात गेला आणि पुढची वर्षं अशा बंद होणाऱ्या प्रकल्पांच्या बैठकांत, टेबलाच्या सरकारी बाजूला बसून गेली. तिथून जे दिसलं ते सांगते. खाजगी कंपनीला धंदा चालूच ठेव असं बजावण्याची ताकद बहुतेक देशांत सरकारकडे नसते. असली तरी ती वापरेपर्यंत जनावरं वाढून जातात आणि चांगले कारागीर दुसरीकडे कामाला लागतात. सरकारच्या हातात ज्या गोष्टी खरोखर असतात त्या छोट्या, कंटाळवाण्या आणि मुदतीच्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा शेवटच्या पाळीनंतर मागितल्या तर काही उपयोग नसतो.

हे टिपण नगरसेवक, पशुपालकांच्या संघटना आणि कामगार प्रतिनिधी यांच्यासाठी आहे. कंपनी वाचवायची की नाही हा वाद मी इथे घालत नाही. वाचवायची असते ती क्षमता: आठवड्याला किती जनावरं कायदेशीरपणे कापून, तपासून, थंड करून बाहेर पडू शकतात हा आकडा. कंपनी गेली तरी तो आकडा शून्यावर जाऊ नये, यासाठी सरकारला कामाला लावायचं.

आधी कारण पक्कं करा

बंद पडण्याचे प्रकार वेगळे आणि प्रत्येकात सरकारची भूमिका वेगळी. ९ ऑगस्ट २०१९ ला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होल्कम्ब इथे टायसन कंपनीच्या गोमांस प्रकल्पाला आग लागली. तिथे दिवसाला सुमारे ६,००० जनावरं कापली जात. प्रकल्प डिसेंबरात पुन्हा सुरू झाला. अशा वेळी सरकारने नवा कारखाना उभारायला पैसे देणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. तिथे गरज असते आसपासच्या प्रकल्पांनी शनिवारीही चालावं आणि त्यांना जादा पाळीसाठी तपासणी अधिकारी मिळावेत याची. शिवाय दरांवर कुणीतरी नजर ठेवायला हवी. होल्कम्बनंतर जिवंत जनावरांचा भाव पडला आणि मांसाचा चढला, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याला त्याची चौकशी लावावी लागली.

साथीमुळे बंद होणं हा दुसरा प्रकार. एप्रिल २०२० मध्ये साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा स्मिथफील्डचा प्रकल्प कामगारांतल्या कोविडमुळे बंद झाला. त्या एका छताखाली देशातलं चार ते पाच टक्के वराहमांस तयार होत होतं. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी संरक्षण उत्पादन कायद्याखाली आदेश काढून मांस प्रकल्प चालू ठेवायला सांगितलं. आदेशाने माणसं बरी होत नाहीत. ओळ सुरू होते ती मास्क, आडपडदे, चाचण्या आणि आजारपणाची पगारी रजा मिळाल्यावर, आणि सरकारकडे मागायचं तेही हेच.

तिसरा प्रकार कायमच्या टाळ्याचा. टायसनने नोव्हेंबर २०२५ मध्ये नेब्रास्कातला लेक्सिंग्टनचा गोमांस प्रकल्प जानेवारी २०२६ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. साधारण ११,००० वस्तीच्या त्या गावात सुमारे ३,२०० जण तिथे कामाला होते. कारण उघड होतं: दुष्काळाने अमेरिकेतला गोवंश १९५१ नंतरच्या सर्वांत कमी संख्येवर आला होता. इथे थोडं गणित करा. आज एखादी कालवड कत्तलीला न पाठवता पैदाशीला ठेवली, तर ती गाभण राहणार, नऊ महिन्यांनी विणार आणि त्या वासराला विक्रीच्या वजनाला यायला आणखी दीड वर्षाच्या आसपास लागणार. म्हणजे जनावरांच्या टंचाईने प्रकल्प पडला असेल, तर तेवढ्याच क्षमतेचा दुसरा प्रकल्प अनुदान देऊन उभा करणं म्हणजे पुढच्या टाळ्याची तयारी. मला विचाराल तर अशा ठिकाणी पैसा कामगारांवर आणि लहान क्षमतेवर घालावा.

चौथा प्रकार सगळ्यांत अवघड, कारण टाळं सरकारनेच लावलेलं असतं: परवाना निलंबित, सांडपाण्याचा गुन्हा, अस्वच्छता. इथे एकच मागा. दोषांची यादी लेखी, प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीचा निकष आणि फेरतपासणीची तारीख. ‘सुधारणा कराव्यात’ असं मोघम पत्र मालकाला आणि अधिकाऱ्याला दोघांनाही सोयीचं असतं. पशुपालक मात्र त्यात लटकतो.

मुदत मोजायला घ्या

कायद्याने मिळणारी नोटीस ही तुमची खरी पुंजी. अमेरिकेत शंभर किंवा जास्त कामगारांच्या मालकाला प्रकल्प बंद करण्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. अनपेक्षित संकटाच्या नावाखाली त्यातून पळवाटा आहेत. ब्रिटनमध्ये एकाच ठिकाणी शंभर किंवा जास्त जणांना काढायचं असेल तर किमान ४५ दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते. युरोपीय संघात सरकारी कार्यालयाला कळवल्यानंतर साधारण ३० दिवस तरी कपात लागू करता येत नाही. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला तो बंद करण्यासाठी ९० दिवस आधी परवानगी मागावी लागते. सरकारने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. सरकारने गप्प बसणं हाही एक निर्णय ठरतो, म्हणून अर्ज कुठल्या तारखेला पोचला याची पोच मिळवा.

नोटिशीची मुदत कामगारांसाठी लिहिलेली असते. जनावरांसाठी असा कायदा मला कुठे भेटला नाही. तेव्हा नोटीस आली त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला पत्र टाका आणि कंपनीकडून एक वेळापत्रक मागा: कुठल्या आठवड्यात ओळीचा वेग किती कमी होणार, शेवटची खरेदी कुठल्या तारखेला, आधी केलेल्या सौद्यांचं काय. बैठकीत कंपनीचा माणूस ‘आम्ही टप्प्याटप्प्याने करू’ म्हणेल. ‘टप्पे सांगा’ म्हणायचं.

जनावरं थांबत नाहीत

इथे मी जरा रेंगाळणार, कारण बैठकांमध्ये हाच विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो.

डुकरिणीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. पिल्लू जन्मल्यापासून विक्रीच्या वजनाला यायला सहा महिने. म्हणजे आज कत्तलखाना बंद झाला आणि आजपासून एकही डुकरीण फळवली नाही, तरी पुढचे नऊ-दहा महिने डुकरं तयार होतच राहतात. ती दिवसाला साधारण किलोभर वाढतात. दोन आठवडे विक्री थांबली की प्रत्येक जनावर चौदा-पंधरा किलोंनी जड आणि गोठ्यात तेवढीच जागा. मागून पुढची तुकडी यायची असते.

वजन वाढलं तर काय बिघडलं, जास्त मांस मिळेल, असं एका अर्थ खात्याच्या अधिकाऱ्याने मला विचारलं होतं. त्यांना मी ओळीवर नेऊन दाखवलं. जनावर मागच्या पायांनी आकड्याला टांगलेलं, डोकं खाली, आकडा वरच्या रुळावरून सरकतो. रुळाची उंची एका ठरावीक मापाच्या धडासाठी बांधलेली असते. धड लांबलं की नाक जमिनीला, ओल्या फरशीला घासत येतं. मग तपासणी करणारी मी ओळ थांबवणार, तेवढा भाग कापून टाकायला लावणार, आकडा पुढे सरकणार आणि मागून दुसरं घासत येणार. केस काढायच्या गरम पाण्याच्या टाकीत जड जनावर नीट फिरत नाही, कापणाऱ्याचा हात पोचत नाही, शीतगृहात जाड मांडीचा गाभा वेळेत थंड होत नाही. साहेबांनी तिथे उभं राहून तीन-चार धडं सरकताना पाहिली, मग पुढचा प्रश्न विचारला नाही.

कोंबड्यांचं आणखी कठीण. मांसल जातीची कोंबडी सहा-सात आठवड्यांत विकायची असते. त्यापुढे तिचे पाय तिचं वजन पेलत नाहीत आणि मरतूक वाढते. गुरं त्या मानाने समजूतदार. कुरण असेल तर महिनाभर थांबतात.

तर सरकारकडे काय मागायचं?

पहिलं, जवळच्या प्रत्येक चालू कत्तलखान्याची रिकामी क्षमता आठवड्याच्या हिशेबाने एका ठिकाणी गोळा करणं. हे काम संघटनेला जमत नाही, कारण प्रतिस्पर्धी मालक एकमेकांना आकडे सांगत नाहीत आणि सांगितले तर स्पर्धा कायद्याचा भंग होऊ शकतो. सरकारी तपासणी अधिकारी मात्र रोज त्या ओळीवर उभाच असतो. आकडे त्याच्याकडे आहेतच, फक्त ते गोळा करायला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं, आहार सल्ला. चाऱ्यात तंतू वाढवून आणि प्रथिनं घटवून डुकरांची वाढ मुद्दाम मंद करता येते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पशुपालकांनी हेच केलं. पण हे पोषणतज्ज्ञाच्या सल्ल्याने करायचं. उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. हा तज्ज्ञ खात्याने द्यावा.

तिसरं, वाहतूक. जवळचा प्रकल्प गेला की जनावर लांब जातं. युरोपीय नियमांत गुरांना १४ तास प्रवास, किमान तासभर विश्रांती, मग पुन्हा १४ तास अशी मर्यादा आहे; कोंबड्यांना पाणी-खाद्याशिवाय १२ तासांवर नेता येत नाही. अमेरिकेत विश्रांतीशिवाय २८ तासांवर नेऊ नये असा कायदा १८७३ सालापासून आहे. मर्यादा शिथिल करा अशी मागणी बैठकीत हमखास निघते. तिला मी नेहमी विरोध केला, कारण शिथिल केलेली मर्यादा नंतर कुणी आवळत नाही. त्याऐवजी वाटेत उतरवण्याच्या सोयी आणि भाड्याला मदत मागा.

चौथी गोष्ट कुणाला बोलायची नसते. काहीच जमलं नाही तर जनावरं गोठ्यातच मारावी लागतात, आणि मग प्रश्न येतो पुरायचं कुठे. भूजल किती खोल, विहीर किती अंतरावर, माती कुठली, हे पाहून जागा आणि परवानग्या आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. त्या ठरवल्या नाहीत तर खड्डा रात्री कुठेतरी खणला जातो आणि पुढे वर्षभर पाण्याचे नमुने तपासत बसावं लागतं. कागद तयार ठेवा. वापरावा लागला नाही तर उत्तमच.

करारावर कोंबड्या वाढवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड आणि त्यावरचं कर्ज मात्र शेतकऱ्याचं. कंपनीने पिल्लं पाठवणं थांबवलं की शेतकऱ्याला कामगार कायदा लागू नाही आणि तो विक्रेताही ठरत नाही. त्याच्यासाठी सरकारकडे तीन कागद मागायचे: चालू तुकडीचं देणं कधी मिळणार, करार अर्धवट तोडल्याची भरपाई किती, आणि बँकेने हप्ते पुढे ढकलल्याचं पत्र. २०२३ मध्ये मिसूरीत टायसनने डेक्स्टर आणि नोएलचे कुक्कुट प्रकल्प बंद केले. डेक्स्टरचा प्रकल्प २०२४ मध्ये काल-मेन या अंडी कंपनीने घेतला. मांसाच्या कोंबड्यांची शेडं अंड्यांसाठी वापरायची तर आतली सगळी मांडणी बदलावी लागते. त्या बदलाला स्वस्त कर्ज देणं हे सरकारचं रास्त काम.

कामगार: प्रशिक्षणाआधी गाडीचा परवाना

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात लाँपोल-गिमिल्यो इथला गाद कंपनीचा कत्तलखाना २०१३ मध्ये बंद झाला, नऊशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री इमान्युएल माक्राँ रेडिओवर बोलताना म्हणाले की गादमधल्या बऱ्याच बायका निरक्षर आहेत. गदारोळ उठला, त्यांना संसदेत माफी मागावी लागली. बोलण्याची पद्धत वाईटच होती. पण त्याच वाक्यांत ते पुढे जे म्हणाले ते कुणी ऐकलं नाही: आम्ही यांना सांगतो पन्नास-साठ किलोमीटरवर कामाला जा, आणि यांच्याकडे गाडी चालवायचा परवाना नाही; तो काढायला दीड हजार युरो आणि वर्षभराची वाट.

मी पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी पहिली अडचण हीच निघाली. सरकार संगणकाचा वर्ग काढतं आणि ज्याला तिथवर जायला बस नाही त्याला गैरहजर म्हणून नोंदवतं. तेव्हा मागणीचा क्रम असा लावा: आधी वाहतूक, मग भाषा, मग प्रशिक्षण. मांस प्रकल्पांत परक्या मुलुखातून आलेली माणसं पुष्कळ असतात. नोएल हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, पण तिथल्या प्रकल्पात सोमाली, कारेन, पॅसिफिक बेटांवरचे आणि स्पॅनिश बोलणारे कामगार होते. बेकारी भत्त्याचा अर्ज त्यांच्या भाषेत हवा. कुणाचा व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असेल तर त्याची मुदत वेगळीच चालू असते, आणि ती कामगार कार्यालयातल्या कारकुनाला माहीत नसते. स्थलांतर खात्याचा माणूस कारखान्याच्या दारात बसवा.

शिवाय एक गोष्ट सगळे विसरतात. आरोग्याच्या नोंदी. वर्षानुवर्षं सुरी चालवून मनगटं आणि खांदे गेलेले असतात, ऐकू कमी येत असतं. कारखान्याच्या दवाखान्यातली फाइल हाच त्याचा पुरावा. दवाखाना बंद व्हायच्या आधी प्रत्येक कामगाराला त्याच्या फाइलची प्रत द्यायला लावा. नंतर ती फाइल दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी गोदामात जाते.

मालकाचं दिवाळं निघालं असेल तर थकलेला पगार कुठून मिळणार ते विचारा. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा निधीतून त्यातला काही भाग मिळतो. युरोपीय संघात मोठ्या कपातीत सापडलेल्या कामगारांसाठी वेगळा निधी आहे आणि गादच्या कामगारांसाठी तो वापरलाही गेला, पण त्याचा अर्ज देशाच्या सरकारने करायचा असतो. कामगाराने कितीही हेलपाटे घातले तरी ते दार त्याला उघडत नाही.

इमारतीवर नजर ठेवा

कंपनी गेली, इमारत उभी आहे, दुसरा कुणी येऊन चालवेल, असं सगळे गृहीत धरतात. आयोवातल्या चेरोकीचा टायसनचा प्रकल्प सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला, साडेचारशेच्या आसपास लोक होते. नवा मालक यायला २०१८ उजाडलं. रिकाम्या मांस प्रकल्पात चार वर्षांत काय होतं? शीतकरण थांबलं की भिंतीतल्या उष्णतारोधक पॅनेलना आतून घाम फुटतो आणि बुरशी धरते. फरशीखालच्या नाल्यांतलं पाणी सुकतं, वाकणात पाणी नसलं की गटाराची हवा आणि उंदीर सरळ आत. शीतकरणाच्या नळ्यांत अमोनिया (थंड करण्यासाठी वापरलेला विषारी वायू) राहिला तर गावाला धोका, काढून टाकला तर यंत्रणा पुन्हा भरून तपासण्याचा मोठा खर्च. ‘तयार इमारत’ म्हणून जिचं कौतुक चाललेलं असतं, ती दोन हिवाळ्यांनंतर बहुधा पाडून बांधणंच परवडतं.

म्हणून पालिकेने नोटिशीच्या मुदतीतच कंपनीशी लेखी ठरवून घ्यायचं. इमारत किती महिने किमान शीतकरणावर ठेवणार आणि वीजबिल कोण भरणार. अमोनिया कुठल्या तारखेला, कुठल्या परवानाधारकाकडून काढणार. आकडे, रूळ, कंप्रेसर जागेवर राहणार की उचलून दुसऱ्या प्रकल्पात नेणार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: विक्रीकरारात ‘या जागेत पुढे मांस प्रक्रिया करू नये’ असं कलम घालणार नाही याची हमी. प्रतिस्पर्ध्याला जागा मिळू नये म्हणून कंपन्या असं कलम घालतात आणि मग क्षमता कायमची जाते. हे रोखण्याचं हत्यार पालिकेकडे बहुतेक वेळा असतं, तिलाच त्याचा पत्ता नसतो. वर्षांपूर्वी करसवलत दिलेली असते, जमीन स्वस्तात दिलेली असते, रस्ता बांधून दिलेला असतो. ते जुने करार बाहेर काढा. सवलत परत मागण्याची अट असेल तर ती पैशासाठी वापरण्यापेक्षा या कलमाच्या बदल्यात सोडून द्या. पैसा एकदाच येतो.

पाण्याचा हिशेबही इथेच. असा प्रकल्प गावाच्या पाणी आणि सांडपाणी व्यवस्थेचा सर्वांत मोठा ग्राहक असतो, आणि शुद्धीकरण केंद्राचं कर्ज त्याच्या बिलावर भागत असतं. तो गेला की हप्ता तोच, भरणारी घरं तेवढीच. वरच्या सरकारकडे त्या कर्जाची फेररचना मागा, पाणीपट्टी वाढवायच्या आधी. केंद्रातल्या जिवाणूंना रोजच्या रक्त-चरबीच्या सांडपाण्याची सवय झालेली असते. भार एकदम तुटला की प्रक्रियाही बिघडते. अभियंत्याला आधी कळवा.

आयोवातल्याच पेरीचं उदाहरण जरा बरं आहे. जून २०२४ मध्ये टायसनचा वराहमांस प्रकल्प बंद झाला, सुमारे १,३०० नोकऱ्या गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला जेबीएस या मांस कंपनीने तिथे सॉसेजचा नवा प्रकल्प जाहीर केला, पाचशेच्या आसपास नोकऱ्यांचा. पण सॉसेजच्या प्रकल्पाची क्षमता आणि विक्रीची डुकरं कापण्याची क्षमता एकच नव्हे. नोकऱ्या काही प्रमाणात परत येतील, जवळच्या पशुपालकाची कत्तलीची जुनी क्षमता मात्र त्याने आपोआप परत येत नाही. राजकारणी या दोन गोष्टी एकाच भाषणात गुंडाळतात. तुम्ही त्या वेगळ्या ठेवा.

लहान कत्तलखाने

मोठा प्रकल्प कुणाचंही एक-दोन जनावर कापून देत नाही. ते काम लहान कत्तलखाने करतात आणि ते गाजावाजा न होता बंद पडतात. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात अडीच हजारांच्या घरात कत्तलखाने होते. आता दोन-अडीचशे उरलेत. ऑर्कनी बेटांवरचा एकमेव कत्तलखाना जानेवारी २०१८ मध्ये बंद झाला आणि जनावरं बोटीने स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर जायला लागली. ऑर्कनी बीफ या संरक्षित नावाची अट अशी की जनावर तिथेच जन्मावं, वाढावं आणि तिथेच कापलं जावं. कत्तलखाना गेला आणि नावाचा उपयोगही गेला. उलट आइल ऑफ मॅनवर प्रकल्प सरकारी मालकीचा आहे. बेटावर मला तेच शहाणपणाचं वाटतं. जिथे पर्यायच नाही तिथे कत्तलखाना हा बंदरासारखाच सार्वजनिक सोयीचा भाग मानावा.

लहानांना मारणाऱ्या गोष्टी दोन: तपासणीचं शुल्क आणि टाकाऊ माल. तपासणी अधिकारी दिवसभर उभा राहिला तर त्याचा खर्च चारशे जनावरांवर वाटायचा की चार, हा सगळा फरक. ब्रिटनची अन्न मानक संस्था सुरुवातीच्या तासांच्या शुल्कावर जास्त सूट देते, त्याचा लाभ लहानांना होतो. अमेरिकेने २०२१ मध्ये जादा वेळेच्या तपासणी शुल्कात लहान प्रकल्पांना ३० टक्के आणि अतिलहानांना ७५ टक्के सूट दिली. माझ्या मते नव्या इमारतींच्या अनुदानापेक्षा ही सूट जास्त कामाची. अनुदानच मागायचं तर इंग्लंडच्या लहान कत्तलखाना निधीसारखं मागा: डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या निधीतून खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, २,००० ते ६०,००० पौंड मिळत होते. शीतखोली, टांगायचा रूळ, जनावर स्थिर धरायचा पिंजरा एवढ्यात होतो.

टाकाऊ मालाचं गणित फार जण धरत नाहीत. आतडी, हाडं, रक्त, चरबी नेणारी गाडी मोठ्या प्रकल्पासाठी त्या भागात यायची आणि जाता जाता लहानांकडचंही उचलायची. मोठा गेला की गाडीची फेरी परवडत नाही. कातडीचे पूर्वी पैसे मिळायचे, आता कित्येक ठिकाणी ती न्यायचेच पैसे द्यावे लागतात. सरकारने त्या फेरीला वर्ष-दोन वर्षं आधार द्यावा, किंवा परवानगी देऊन खत आणि जैववायूची सोय करावी.

फिरता कत्तलखाना सगळ्यांना आवडतो. २००२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या लोपेझ बेटावर पहिला केंद्रीय तपासणीचा फिरता ट्रक सुरू झाला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने चालवलेला. तो उपयोगी आहेच, पण थंड करायला आणि कापून बांधायला स्थिर जागा लागतेच, हे ट्रकचं चित्र दाखवणारे सांगत नाहीत. युरोपीय संघाने २०२१ मध्ये नियम बदलून गोठ्यावरच एका वेळी तीन गुरांपर्यंत मारायला मुभा दिली; धड मात्र पुढे मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच न्यावं लागतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: जवळ कत्तलखाना आहे का?

नवा चालक मिळाला तर

तपासणीचा अर्ज सगळ्यांत आधी टाकायला लावा, रंगरंगोटीच्या आधी. अमेरिकेत लेखी स्वच्छता पद्धती आणि धोका-नियंत्रणाचा आराखडा तयार असल्याशिवाय तपासणीची मंजुरी मिळत नाही. सुरुवातीला ती सशर्त असते, आणि ९० दिवसांत आराखडा प्रत्यक्ष चालतो हे सिद्ध करावं लागतं. बाकीच्या देशांत शब्द वेगळे, क्रम साधारण तोच. जुन्या प्रकल्पाचा तपासणी अधिकारी प्रकल्प बंद झाल्यावर दुसरीकडे बदलला जातो, त्याची जागा रद्द होते, आणि रद्द झालेली जागा पुन्हा मंजूर करून घ्यायला वित्त खात्याच्या किती खेपा लागतात ते मी पाहिलंय. तेव्हा प्रकल्प बंद करण्याच्या आदेशासोबतच खात्याकडून एवढं लिहून घ्या की तपासणी अधिकाऱ्याचं पद रद्द न करता वर्षभर रिक्त ठेवलं जाईल. त्याला फार खर्च येत नाही. त्या काळात त्या अधिकाऱ्याला आसपासच्या लहान कत्तलखान्यांना जादा दिवस देता येतात. अर्जात ते दिवसही नावानिशी मागा: कुठला कत्तलखाना, आठवड्यातले कुठले दोन वार.